एक पेटंट, दोन तारखा

२००६ च्या सुरुवातीला चेन्नईच्या पेटंट कार्यालयात एक पेटंट मंजूर झाले. क्रमांक १९८९५२. पेटंटधारक होती स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराची एफ. हॉफमन-ला रोश ही कंपनी. इंटरफेरॉन अल्फा या प्रथिनाला पॉलिएथिलीन ग्लायकॉलची फांद्या असलेली साखळी जोडून केलेले संयुग, हा त्याचा विषय. बाजारात या औषधाला पेगॅसिस म्हणतात. हिपॅटायटिस सी झालेल्या पेशंटला आठवड्यातून एकदा द्यायचे हे इंजेक्शन. औषध या वस्तूवरच पेटंट घेण्याची मुभा भारतात १ जानेवारी २००५ पासून पुन्हा सुरू झाली होती आणि त्या नव्या व्यवस्थेतले औषधावरचे पहिले पेटंट म्हणून १९८९५२ चा तेव्हा बराच गाजावाजा झाला.

२ नोव्हेंबर २०१२ रोजी हेच पेटंट रद्द झाले. रद्द करणारे होते बौद्धिक संपदा अपील मंडळ आणि रद्द करून घेणारी होती मुंबईतली एक छोटी संस्था. ती व्यसनमुक्तीचे काम करते, औषधे बनवत नाही. पेटंटात सांगितलेला शोध त्या विषयातल्या जाणकाराला आधीच्या माहितीवरून सहज सुचण्याजोगा होता, असे मंडळाने ठरवले.

या दोन घटनांमधली हकिकत कागदपत्रांवरून जुळवता येते. पेटंटाचा तपशील आहे, २००७ मधला विरोध आहे, २००९ चा पेटंट कार्यालयाचा आदेश आहे आणि २०१२ चा मंडळाचा निर्णय आहे. त्यांच्या जोडीला मुंबई उच्च न्यायालयाचा १९६८ मधला एक निकाल वाचला, तर या प्रकरणात नवे काय घडले ते नीट कळते. तेव्हा सुरुवात त्या जुन्या निकालापासून.

मधुमेहाची गोळी आणि १९६८ चा निकाल

रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत युनिकेम लॅबोरेटरीजचा कारखाना आहे. गोळ्या भरायला लागणारा मूळ औषधी पदार्थ, ज्याला या धंद्यात 'बल्क' म्हणतात, तो तिथे तयार होतो. कंपनी मुंबईची, अमृत मोदी यांनी १९४४ मध्ये सुरू केलेली, २०२३ पासून इप्का लॅबोरेटरीजच्या ताब्यात असलेली. १९६८ च्या निकालाशी धाटावच्या कारखान्याचा संबंध नाही, पण कंपनीचा आहे. त्या खटल्यात ती प्रतिवादी होती.

वादी होती जर्मनीची फार्बवेर्के हेक्स्ट. तिच्याकडे मधुमेहावरच्या सल्फोनिल युरिया वर्गातल्या औषधांचे ५८७१६ क्रमांकाचे भारतीय पेटंट होते. त्या वर्गातले टॉल्ब्युटामाइड हे औषध युनिकेम बनवत होती आणि त्यामागे परळच्या हाफकिन संस्थेत विकसित झालेली पद्धत होती. म्हणजे एका बाजूला परदेशी पेटंट आणि दुसऱ्या बाजूला मुंबईतल्या सरकारी संस्थेचे संशोधन व मुंबईचीच कंपनी. युनिकेमने पेटंटाचे उल्लंघन नाकारले आणि शिवाय पेटंटच अवैध आहे असा बचाव घेतला. त्या काळी १९११ चा पेटंट कायदा लागू होता. ज्या कारणांसाठी पेटंट रद्द होऊ शकते, ती कारणे उल्लंघनाच्या दाव्यात बचाव म्हणून मांडण्याची सोय त्यात होती.

न्या. विमदलाल यांनी जुलै १९६८ मध्ये निकाल दिला तो हेक्स्टच्या बाजूने. पेटंट टिकले. 'एआयआर १९६९ मुंबई २५५' म्हणून छापलेला हा निकाल पेटंटचे दावे कसे वाचावेत यासाठी वकील अजूनही काढतात. इथे तो दुसऱ्या कारणासाठी महत्त्वाचा आहे. त्या खटल्यात पेटंटच्या वैधतेचा प्रश्न उठला, कारण एका कारखानदारावर दावा पडला होता. ती गोळी रोज घेणाऱ्या मधुमेह्याला त्या वादात उभे राहायला जागा नव्हती आणि ती असावी, असेही कोणाच्या मनात नव्हते.

न्या. राजगोपाल अय्यंगार यांचा पेटंट कायद्यावरचा अहवाल १९५९ मध्येच आला होता. भारतातली बहुसंख्य पेटंटे परदेशी मालकांची आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचा वापर देशात होतच नाही, हे त्यांनी आकडे देऊन दाखवले होते. त्यातून १९७० चा कायदा झाला. तो २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला आणि औषध या वस्तूवर पेटंट मिळणे बंद झाले. मिळाले तर ते बनवण्याच्या पद्धतीवर, तेही थोड्या वर्षांसाठी. धाटाव, तळोजे, पाताळगंगा इथले औषधी कारखाने ज्या काळात वाढले त्या काळावर याच कायद्याची छाया होती. तीच गोळी वेगळ्या रस्त्याने बनवता आली, की ती विकायला कोणाची आडकाठी नसे.

१९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या करारानंतर हे बदलणे भाग पडले. भारताला २००५ पर्यंतची मुदत मिळाली, पण मधल्या काळात येणारे औषधांचे अर्ज घेऊन ठेवणे बंधनकारक होते. ते अर्ज न उघडता बाजूला ठेवले जात. वकिलांच्या बोलण्यात त्यांना 'मेलबॉक्स'चे अर्ज म्हणत. रोशचा अर्ज १९९७ मधला, मद्रास शाखेत दाखल झालेला. २००५ मध्ये पेटी उघडली आणि साधारण वर्षभरात त्या अर्जाचे १९८९५२ झाले.

आकड्यांत लिहिलेला दावा

टॉल्ब्युटामाइड हा लहान रेणू आहे. त्याचा रेणुभार सुमारे २७०. रिअ‍ॅक्टरमध्ये ठरलेले रासायनिक टप्पे पार पाडले की तो तयार होतो. इंटरफेरॉन अल्फा-२ए हे १६५ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे आणि त्याचा रेणुभार १९ हजारांच्या पुढे जातो. ते जनुकीय बदल केलेल्या ई. कोलाय जिवाणूंकडून बनवून घ्यावे लागते. त्याला रोशची साखळी जोडली, की पेगॅसिसचा भार ६० हजारांच्या घरात जातो; मधुमेहाच्या त्या गोळीतल्या रेणूच्या दोनशे पटींहून अधिक. अशा औषधांना जैविक औषधे म्हणतात आणि त्यांच्या पेटंटांचे वाद रासायनिक औषधांच्या वादांपेक्षा अधिक किचकट असतात. रेणू इतका मोठा, की त्याची प्रत्येक कडी नेमकी लिहून दाखवणे अवघड. मग पेटंटाचा दावा बऱ्याचदा आकड्यांच्या मर्यादांमध्ये लिहिला जातो.

रोशच्या या पेटंट-कुटुंबाचा, म्हणजे याच शोधावरच्या निरनिराळ्या देशांतल्या पेटंटांचा, मुख्य दावा तसाच आहे. लायसिन या अमिनो आम्लाच्या दोन टोकांना पॉलिएथिलीन ग्लायकॉलची एकेक साखळी आणि लायसिनचे उरलेले टोक इंटरफेरॉनला जोडलेले, अशी ती रचना. दोन्ही साखळ्यांतल्या कड्यांची बेरीज ६०० ते १,५०० आणि साखळ्यांचा सरासरी रेणुभार २६,००० ते ६६,००० डाल्टन. हे दोन हिशेब वेगळे दिसतात, पण आहेत एकच. या साखळीच्या एका कडीचे वजन ४४. ६०० ला ४४ ने गुणले की २६,४०० येतात. १,५०० ला गुणले की ६६,०००. बाजारात आलेले पेगॅसिस या पट्ट्यात बसते: २०,००० डाल्टनच्या दोन साखळ्या, मिळून ४०,०००.

ही साखळी जोडायची कशासाठी? साधे इंटरफेरॉन शरीरात काही तासांतच निम्मे होते. म्हणून ते आठवड्यातून तीनदा टोचावे लागे. दोन इंजेक्शनांच्या मधल्या दिवसांत औषध उतरते आणि विषाणू पुन्हा डोके वर काढतो. साखळी जोडली की रेणू फुगतो, मूत्रपिंडातून लवकर गाळला जात नाही, विकरांना तो सहज तोडता येत नाही आणि मग आठवड्याला १८० मायक्रोग्रॅमचे एकच इंजेक्शन पुरते. पेशंटच्या दृष्टीने हा बदल मोठा होता, याबद्दल वाद नाही. वाद होता तो हा बदल शोध ठरतो का, याबद्दल.

३१ मे १९९६ च्या आधी

शोध ठरतो की नाही हे आजच्या ज्ञानावरून ठरत नाही. कायदा एक तारीख पकडतो आणि त्या तारखेच्या आधी जगात काय छापले गेले होते, एवढेच विचारात घेतो. रोशचा पहिला अर्ज अमेरिकेत ३१ मे १९९६ रोजी दाखल झाला होता आणि भारतातल्या अर्जालाही तीच अग्रक्रमाची तारीख लागू झाली. या प्रकरणातली ही पहिली तारीख.

तिच्या आधीचे कागद लावले, तर असा क्रम दिसतो. इंटरफेरॉनचा शोध १९५७ मधला. रोशचे साधे इंटरफेरॉन अल्फा-२ए 'रोफेरॉन-ए' या नावाने १९८६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. हिपॅटायटिस सीचा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला आणि १९९१ मध्ये तिथे इंटरफेरॉन या रोगावर द्यायला परवानगी मिळाली. दुसरीकडे, प्रथिनांना पॉलिएथिलीन ग्लायकॉल जोडले तर ती रक्तात जास्त टिकतात, हे अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या फ्रँक डेव्हिस, अब्राहम अबुचोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्येच छापले होते. या पद्धतीचे पहिले औषध, 'अ‍ॅडाजेन', १९९० मध्ये बाजारात आले. रोशने स्वतः इंटरफेरॉनला ५,००० डाल्टनची सरळ साखळी जोडून पाहिली होती. पेशंटवर तिचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही. आणि १९९५ मध्ये इटलीतल्या पडुआ विद्यापीठाच्या गटाने अमेरिकेतल्या मिल्टन हॅरिस यांच्यासह 'बायोकॉन्जुगेट केमिस्ट्री' या नियतकालिकात फांद्या असलेल्या साखळीवर निबंध छापला. काही विकरांना ती जोडून त्यांनी दाखवले, की सरळ साखळीपेक्षा ती प्रथिनाचे संरक्षण अधिक चांगले करते.

म्हणजे ३० मे १९९६ रोजी इंटरफेरॉन माहीत होते, साखळी जोडणे माहीत होते, फांद्यांची साखळीही माहीत होती. तिन्ही एकत्र आणणे एवढेच बाकी होते. मग शोध कुठे उरला?

पेणच्या गणपती कारखान्यात भिंतीला शेकडो साचे टांगलेले असतात. एका साच्यातली मूर्ती आणि दुसऱ्या साच्यातला मुकुट जुळवून एखाद्याने नवा गणपती केला, तर दोन्ही साचे जुने असल्याने त्याचे काम आपोआप हलके ठरत नाही. साधारण कुशल कारागिराला हाच मुकुट या मूर्तीवर ठेवावासा वाटला असता का आणि तो बसेल, वाळताना तडकणार नाही, अशी खात्री करण्याआधीच भरवशाची आशा त्याला होती का, हे पाहावे लागते. पेटंटचा कायदाही हेच पाहतो. दोन गोष्टी माहीत होत्या का, त्या एकत्र आणायला काही कारण होते का आणि यशाची वाजवी अपेक्षा होती का?

पेटंटच्या बाजूने मांडण्याजोगी बाजू कमकुवत नव्हती. साखळी मोठी झाली, की ती प्रथिनाचे कामाचे भागही झाकते. परीक्षानळीत मोजले, तर पेगॅसिसमध्ये साध्या इंटरफेरॉनच्या विषाणूरोधक ताकदीपैकी सुमारे ७ टक्केच उरते. ९३ टक्के ताकद गमावणारी जोडणी शरीरात मात्र जास्त काम करील, असे कोणाला आधी वाटले असते? त्यात रोशचाच आधीचा प्रयत्न फसलेला. यावर विरोधकांची बाजू अशी, की ताकद घटवून टिकाऊपणा मिळवायचा हा सौदा त्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक होता. लहान सरळ साखळी पुरत नाही हे कळल्यावर मोठ्या, फांद्यांच्या साखळीकडे वळणे हीच पुढची पायरी, आणि त्या साखळीचे गुण १९९५ मध्ये छापून आलेले.

इतिहास लिहिणाऱ्याला हा पेच ओळखीचा आहे. पुढे काय झाले हे माहीत असले, की मागच्या घटना आपोआप त्याच दिशेने चाललेल्या दिसू लागतात. इतिहासकाराला ती सवय मोडावी लागते आणि पेटंटच्या न्यायाधीशालाही. शोध समजल्यावर तो सोपा वाटतो, म्हणून १९९६ मध्येही तो सोपा होता असे म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मिर्झापूरच्या भांडी उद्योगातल्या एका प्रकरणात, बिश्वनाथ प्रसाद विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज, हा प्रश्न हाताळला होता. लेथवर भांडे पकडून ठेवायच्या साधनाचे ते पेटंट. जुन्या साधनात कारागीर करतोच तशी ही सुधारणा आहे, शोध नाही, असे ठरवून न्यायालयाने ते पेटंट टिकू दिले नाही. भांड्यांच्या बाबतीत ही कसोटी लावणे त्यामानाने सोपे. ६०,००० डाल्टनच्या प्रथिनाला ती लावताना 'साधारण कुशल कारागीर' म्हणजे कोण, इथूनच वाद सुरू होतो.

प्रश्न विचारण्याचा हक्क

१९६८ मध्ये न्यायालयात पोचायला उल्लंघनाचा दावा अंगावर यावा लागला होता. नव्या कायद्यात कलम २५ मध्ये दोन वाटा आहेत. पेटंट मिळण्याआधी कोणीही विरोध करू शकतो. मिळाल्यानंतर एका वर्षाच्या आत विरोध करता येतो, पण तो फक्त 'हितसंबंध असलेल्या व्यक्ती'ला. १९८९५२ ला २००७ मध्ये दोघांनी विरोध केला. एक होती वॉकहार्ट, मुंबईची औषध कंपनी. तिचा हितसंबंध कोणालाही समजण्यासारखा. दुसरी होती संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट.

संकल्प १९९५ पासून मुंबईत सुईने अमली पदार्थ घेणाऱ्यांमध्ये काम करते. एकच सुई अनेकांनी वापरली, की एचआयव्ही पसरतो आणि हिपॅटायटिस सी त्याहून सहज पसरतो. एकाच माणसात दोन्ही असणे या समूहात वेगळे नाही. अशा दुहेरी संसर्गात पेगॅसिसचा कोर्स ४८ आठवड्यांचा असे. २०१२ च्या सुमारास वृत्तपत्रांत आलेली छापील किंमत सहा महिन्यांच्या कोर्सला ४,३६,००० रुपये. चोवीस इंजेक्शने धरली, तर एका टोचणीला सुमारे १८ हजार. ४८ आठवडे धरले, तर हिशेब पावणेनऊ लाखांच्या आसपास. फूटपाथवर राहणाऱ्या माणसासाठी हा आकडा असून नसून सारखाच.

संकल्पची बाजू लॉयर्स कलेक्टिव्ह या वकिलांच्या संस्थेने मांडली. रोशची एक हरकत संस्थेच्या पात्रतेवरच होती. ही संस्था औषध बनवत नाही, विकत नाही, त्यावर संशोधन करत नाही. मग तिचा हितसंबंध कसला? २००९ मध्ये पेटंट कार्यालयाने विरोध फेटाळला आणि पेटंट कायम ठेवले. संकल्प अपिलात गेली. चेन्नईला मुख्यालय असलेल्या बौद्धिक संपदा अपील मंडळाला पेटंटचे खटले चालवण्याचे अधिकार एप्रिल २००७ मध्येच मिळाले होते. अध्यक्षपदी न्या. प्रभा श्रीदेवन होत्या आणि तांत्रिक सदस्य डी. पी. एस. परमार.

मंडळाच्या निर्णयात दोन उत्तरे आहेत. पहिले पात्रतेचे. ज्यांना या औषधाची गरज आहे, अशा लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा पेटंटशी संबंध पोचतो. हितसंबंध फक्त व्यापाऱ्याचाच असतो असे नाही. दुसरे उत्तर मूळ प्रश्नाचे. आधीचे पेटंट दस्तऐवज आणि शोधनिबंध पाहता, फांद्यांची साखळी इंटरफेरॉनला जोडणे हे त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचण्याजोगे होते. पेटंट रद्द.

यांतले दुसरे उत्तर पेटंटवाल्यांच्या जगात जास्त चर्चिले गेले. पण दोन्ही एकमेकांवर उभी आहेत. १९९५ चे निबंध कुणा एकाच्या मालकीचे नव्हते, ग्रंथालयात पडलेले होते. ते न्यायासनासमोर यायला कोणीतरी ते उचलून आणावे लागतात. कारखानदार ते आणतो, पण केव्हा? स्वतःला तेच औषध बनवायचे असेल तेव्हाच. नाही तर समोरच्याशी तडजोड करून परवाना घेणे त्याला परवडते. पेशंटला तडजोडीत काही मिळत नाही. मंडळाने त्याच्या बाजूच्या संस्थेला दार उघडले, म्हणून हे कागद वाचले गेले.

दुसरी तारीख

२ नोव्हेंबर २०१२ ही या प्रकरणातली दुसरी तारीख. पहिल्या तारखेवरून खरे काय ते ठरले. त्या खऱ्याचा कोणाला किती उपयोग झाला, हे मात्र दुसऱ्या तारखेवर अवलंबून होते आणि तिथे हिशेब फारसा जमेचा नाही.

पेटंट मंजूर झाल्यापासून रद्द होईपर्यंत साडेसहा वर्षांहून अधिक काळ गेला. विरोध दाखल झाल्यापासून पाच. जे पेटंट द्यायलाच नको होते असे शेवटी ठरले, ते तोवर पूर्ण जोमाने चालू होते. रद्द झाल्यावरही दुसऱ्या दिवशी स्वस्त इंजेक्शन दुकानात आले नाही. लहान रेणूंच्या बाबतीत असे घडू शकते. त्याच वर्षी मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने बायरच्या सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधावर हैदराबादच्या नॅटकोला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना औषध बनवण्याची परवानगी, दिला आणि महिन्याची २,८०,४२८ रुपयांची गोळी ८,८८० रुपयांत मिळू लागली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो परवाना कायम ठेवला. तिथे पेटंट शाबूत राहिले आणि किंमत उतरली, कारण गोळी बनवण्याची तयारी आधीच होती. जैविक औषधाची नक्कल तशी होत नाही. जिवाणू वेगळे, प्रक्रिया वेगळी, म्हणून मूळ औषधाशी साम्य पदोपदी सिद्ध करावे लागते. केंद्र सरकारने त्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे २०१२ मध्येच काढली. पेटंट हे जैविक औषधाच्या वाटेवरचे एक फाटक आहे. ते उघडले तरी पुढे दुसरे असते.

आणि तोवर काळ बदलला होता. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिर मंजूर झाले. हिपॅटायटिस सी गोळ्यांनी साधारण १२ आठवड्यांत बरा होऊ लागला. थंडी-ताप आणि नैराश्य आणणारे इंटरफेरॉन टोचून घेण्याची गरज हळूहळू संपली. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतून या गोळ्या मोफत मिळू लागल्या. पेगॅसिसचे पेटंट रद्द झाले नसते, तरी २०१७ मध्ये मुदत संपून ते गेलेच असते आणि त्या वेळी त्याची कोणी दखलही घेतली नसती. ज्या पाच वर्षांत इंजेक्शनाला गोळ्यांचा पर्याय नव्हता, नेमकी तीच पाच वर्षे कागद इकडून तिकडे जाण्यात गेली.

ज्या मंडळाने हा निर्णय दिला तेही आता नाही. एप्रिल २०२१ मध्ये ते बरखास्त झाले आणि त्याचे काम उच्च न्यायालयांकडे गेले. पश्चिम भारतातली अशी प्रकरणे पुन्हा मुंबई उच्च न्यायालयात येतात, जिथे १९६८ मध्ये विमदलाल बसले होते.

काय उरले

या प्रकरणातून टिकलेली गोष्ट म्हणजे पात्रतेचे ते पहिले उत्तर, आणि उशिराचा धडा. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्याच पेटंट कार्यालयाने क्षयरोगावरच्या बेडाक्विलिन या औषधाच्या एका क्षारावरचा जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज नाकारला. विरोधकांमध्ये मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले होत्या. दोघीही क्षयरोगातून उठलेल्या आणि उपचारांच्या दुष्परिणामाने ऐकण्याची शक्ती गमावलेल्या. इथेही मुख्य मुद्दा तोच: आधी माहीत असलेल्या गोष्टीतून सहज सुचणारे पाऊल. फरक वेळेचा. हा विरोध पेटंट मिळण्याआधीचा होता. मूळ पेटंटची मुदत जुलै २०२३ मध्ये संपत होती. क्षाराचे पेटंट मिळाले असते, तर मक्तेदारी आणखी चार वर्षे लांबली असती. ते मिळालेच नाही. संकल्पला जे रद्द करून घ्यायला पाच वर्षे लागली, ते इथे दारातच अडले.

मात्र हे दार अरुंद होत चालले आहे. १५ मार्च २०२४ च्या पेटंट नियमांतील बदलांनी मंजुरीपूर्व विरोधाला शुल्क लावले आणि विरोध दाखल करून घ्यायचा की नाही, हे आधी पेटंट नियंत्रकाने ठरवायचे असे केले. विनाकारण अडथळे आणणाऱ्या विरोधकांना रोखणे हे त्यामागचे कारण सांगितले गेले, आणि तसे विरोधक असतात हेही खरे. पण पेगॅसिसचे कागद उलट बाजूचे नुकसान दाखवतात. चुकीचे पेटंट एकदा दिले गेले, की ते काढायला वर्षे लागतात आणि ती वर्षे पेशंटच्या आयुष्यातून जातात. प्रत्येक पेटंटची पहिली तारीख अर्ज दाखल होताच कायमची ठरते. दुसरी तारीख लवकर येते की उशिरा, हे विरोधकाला केव्हा आणि किती सहज बोलू दिले जाते यावर ठरते. नियम करणाऱ्यांच्या हातात तेवढेच आहे आणि त्यांची पारख तेवढ्यावरच व्हायला हवी.